अण्णा झोपले की जनरेटर बंद

अण्णांच्या आयुष्यात सूर्यग्रहण बघायचं तीनदा ठरलं आणि तीनदा हुकलं. ऐंशी साली त्यांच्या आईनं घरातल्या सगळ्यांना आत घेऊन दाराला कडी लावली आणि ती थेट ग्रहण सुटल्यावर काढली. पंच्याण्णव साली ते रजा काढून उत्तर प्रदेशात गेले, पण गाडी इतकी रखडली की त्यांना फक्त ग्रहण बघून परतणारी माणसं दिसली. नव्याण्णव साली ते कच्छमध्ये वेळेच्या आधी पोचले, तर आभाळानं ढगांची गोधडी पांघरलेली. सांगलीच्या शाळेत अण्णांनी जन्मभर भूगोल शिकवला, दर वर्षी नारळ, लिंबू आणि मेणबत्ती घेऊन ग्रहण समजावलं. पण स्वतः पाहिलं नव्हतं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात ते आणि श्यामलाबाई मुलाकडे, उदयकडे, कॉव्हेंट्रीला आले होते. महिनाअखेरीस स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरून कंकणाकृती ग्रहण दिसणार होतं, तेही सूर्य उगवता उगवता. सून नंदा रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायची. ती मोजकंच बोलायची, पण बोललेलं मोजून-मापून पाळायची. ती म्हणाली, "अण्णा, हे चौथं मी हुकू देणार नाही."

हॉटेलं कधीच भरून गेली होती, म्हणून तिनं मोटरहोम भाड्यानं घेतलं. ओटा, फ्रिज, पलंग सगळं आत. श्यामलाबाईंना हे घर लगेच पटलं. पहिल्याच दिवशी त्यांना सामानाच्या कप्प्यात दोन पिवळ्या, जाड प्लॅस्टिकच्या वस्तू सापडल्या, एका बाजूला निमुळत्या, वर तीन पायऱ्या पाडलेल्या. "इथल्या लोकांना कशाकशाची सोय सुचते," असं म्हणून त्यांनी एक धुतली, तिच्यावर लाल कापड अंथरलं आणि देव मांडले. वर अंबाबाई, मधे गणपती, खाली बाळकृष्ण आणि निरांजन. दुसरी अण्णांना पाय ठेवायला दिली. ती वस्तू मुळात कशासाठी आहे, हे नंदाला ठाऊक नव्हतं आणि उदयला ठाऊक नाही हे उदय कबूल करत नव्हता.

अडचण एकच होती. झोपेत अण्णांचा श्वास मधेच अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी नाकावर लावायचं मशीन दिलं होतं. ते लावून झोपले की अण्णा पहाटे चारला टवटवीत उठत. न लावता झोपले, तर सकाळी दहापर्यंत कानाशी ताशा वाजवला तरी उठत नसत. ग्रहण पावणेपाचला होतं. मशीनला वीज लागायची, गाडीच्या बॅटरीवर ते चालत नव्हतं, आणि मॅकाय नावाच्या ज्या शेतकऱ्यानं समुद्रकाठच्या आपल्या रानात त्यांना जागा दिली होती, त्याच्याकडे मेंढ्या होत्या, विजेचा खांब नव्हता. म्हणजे सगळी भिस्त गाडीच्या पोटातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरवर.

आणि तो बंद पडत होता.

चालत नव्हता असं नाही. सकाळपासून त्याच्यावर किटली तापली, मिक्सर फिरला, उदयनं दाढी केली. दुपारी जेवून अण्णा मशीन लावून आडवे झाले, तसा तो दोन मिनिटांत गप्प. अण्णा उठून बाहेर आले. गाडी पुन्हा नीट लावून उदयनं बटण दाबलं, तर पठ्ठ्या लगेच सुरू. अण्णा पुन्हा झोपले. पुन्हा बंद.

"योगायोग असेल," उदय म्हणाला.

"तीनदा?" नंदानं बाह्या सरसावल्या.

तिनं पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. हवेची जाळी काढून झटकली. धुराच्या नळीत मेंढीची लोकर अडकलीय का ते पाहिलं. ऑइलची पट्टी ओढून पुसली, परत घालून पाहिली. पातळी किंचित खाली, पण खुणेच्या आत. फोनला रेंज नव्हती आणि सगळ्यात जवळचं गॅरेज निम्मा दिवस खाईल इतकं लांब.

"तेल कमी आहे का गं?" श्यामलाबाईंनी खिडकीतून विचारलं. "सूर्यफुलाचं देऊ?"

"नको आई, त्याला चालत नाही."

"कोलेस्टेरॉल नसतं त्यात."

मग नंदानं कामाच्या जागी करते तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाकाचं मशीन आणि किटली एकदम लावली; जनरेटर चालला. म्हणजे विजेचा भार जास्त नव्हता. मग तिनं उदयला अण्णांच्या जागी झोपवलं, तोंडावर मुखवटा चढवला. जनरेटर गुणगुणत राहिला. उदयला तर खरंच झोप लागली, घोरणं बाहेर ऐकू आलं. त्याला हलवून उठवला आणि अण्णांना झोपवलं. बंद.

नंदा गाडीच्या पायरीवर बसली. हाती आलेला निष्कर्ष तिला तोंडानं उच्चारवत नव्हता. तो अण्णांनीच उच्चारला.

"म्हणजे मीच."

"तसं नाही अण्णा..."

"तसंच आहे. माझा मुलगा चालतो, मी चालत नाही. पस्तीस वर्षं शिक्षक होतो, मुलं झोपायची माझ्या तासाला. पण इंजिन झोपल्याचं पहिल्यांदाच बघतोय."

"तुमचं घोरणं," उदयनं जांभई देत सुचवलं. "त्या कंपनांनी काहीतरी होत असेल."

म्हणून अण्णा झोपले, पण जागे राहिले. घोरू नये म्हणून मोठ्यानं भारतातल्या नद्या म्हणू लागले. गोदावरीपर्यंत जनरेटर टिकला, कृष्णेला गेला.

"कृष्णेला तरी टिकायचंस रे," अण्णा मुखवट्यातून म्हणाले. "ती आमची."

श्यामलाबाईंचं मत वेगळं होतं. "त्याला तुमचा आवाज कळतो. उदयचं जाकीट घाला, ती टोपी घाला आणि एक अक्षर बोलू नका."

नंदाला हे थांबवायला हवं होतं. पण तिच्याकडे याहून बरा प्रयोग नव्हता, आणि जाकीट हाही अखेर एक बदलच होता. अण्णा लेकाची लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून, चोरपावलांनी चढून, श्वास रोखून आडवे झाले. सगळे बाहेर गवतात उभे. जनरेटर चालत होता. उदयनं अंगठा वर केला. श्यामलाबाईंनी हात जोडले. घरघर एकदा अडखळली आणि थांबली.

"ओळखलंन्," श्यामलाबाई कुजबुजल्या.

मेंढ्या हाकत चाललेला मॅकाय बांधापाशी थांबला. तो बराच वेळ बघत असावा. "तुम्ही गाडी सारखी फिरवता कशासाठी?" त्यानं विचारलं.

"झोपण्यासाठी," उदय म्हणाला, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मॅकायनं मान हलवली आणि मेंढ्यांशी काहीतरी बोलत तो निघून गेला.

दुपारचे साडेचार वाजले. पहाटेच्या ग्रहणाचे वेध लागले, असं श्यामलाबाईंनी जाहीर केलं. "आता ग्रहण सुटेपर्यंत मी काही खाणार नाही."

"खरे वेध मला लागलेत," अण्णा टोपी काढत म्हणाले. "तेवीस वर्षं झाली." त्यांचा आवाज थट्टेचाच होता, पण ते पलंगाच्या कडेवर बसले ते हात मांडीवर ठेवून, निकालाच्या दिवशी नापास पोरं बसतात तसे. "नंदा, राहू दे. मी रात्रभर जागतो."

"तुम्हाला जागवत नाही अण्णा. गेल्या आठवड्यात जेवता जेवता झोपलात." तिनं मान फिरवली. आपला शब्द या माणसापाशी खोटा पडणार, एवढंच तिला दिसत होतं.

तेवढ्यात देवांपाशी श्यामलाबाई पुटपुटल्या, "हेही विझलं! ग्रहणाच्या आदल्या दिवशी. काय मनात आहे देवीच्या कोण जाणे."

"काय विझलं, आई?"

"निरांजन गं. इथं आल्यापासून असंच चाललंय. हे झोपायला गेले की विझतं."

नंदा जागच्या जागी थांबली. "जनरेटरसारखंच?"

"जनरेटरचं मला माहीत नाही. निरांजनाचं साधं आहे. गाडी फिरवली की ती कलते, तेल एका कडेला जातं, वात कोरडी पडते. मी काड्यापेटी सरकवते खाली, पण मग बाळकृष्ण डुगडुगतो."

"गाडी... उदय झोपला तेव्हा फिरवली होती?"

"त्याला कशाला? तरुण आहे तो. यांना मात्र पूर्वेला डोकं लागतं."

नंदानं कपाळावर हात मारून घेतला. गाडीच्या मागच्या मोठ्या खिडकीतून अण्णांना समुद्र हवा, म्हणून गाडीची पाठ उत्तरेला केलेली होती, रानातल्या एकुलत्या एक सपाट पट्टीवर. पलंगाचं डोकं त्या खिडकीखालीच, आणि मशीनची वायर पोचायची तीही तिथंच. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, म्हणून अण्णांच्या प्रत्येक झोपेआधी उदय गाडी आडवी करायचा आणि उठले की सरळ. चादर झटकणं, उशी थोपटणं, गाडी फिरवणं. तिच्या लेखी ते 'अण्णा झोपणं' या एकाच गोष्टीत मोडत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणणाऱ्या बाईनं दर वेळी चार टनांची गाडी फिरू दिली होती आणि तिला ती दिसली नव्हती.

"आडवी केली की समुद्राकडची चाकं उतारावर जातात," ती भराभर बोलू लागली, तिच्या मानानं भाषणच. "ऑइल एका कडेला जातं. त्याला वाटतं ऑइल संपलं, म्हणून इंजिन जळू नये यासाठी तो स्वतःच बंद होतो. निरांजनच आहे ते!"

"मग गाडी फिरवायची नाही. मी उत्तरेला डोकं करून झोपतो," अण्णा म्हणाले.

"मी झोपू देणार नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "उत्तरेला डोकं करून माणसाला ठेवतात ते चारला उठवायला नव्हे. आणि ग्रहणाच्या रात्री तर मुळीच नाही."

हा प्रश्न वादाचा नव्हता, हे नंदानं एका नजरेत ओळखलं. "बरं, पूर्वेलाच डोकं. मग खालची चाकं उचलायला हवीत. खाली काहीतरी सारायचं. मजबूत. एका बाजूला निमुळतं, म्हणजे चाक चढेल. पायऱ्या असतील तर उत्तम, हवं तेवढंच..."

ती बोलता बोलता थांबली. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. अण्णांनी हळूच पाय उचलून आपली वस्तू मोकळी केली. दुसरीवर अंबाबाई बसली होती.

"देवाच्या आसनावर चाक?" श्यामलाबाई म्हणाल्या.

उदय छताकडे बघू लागला.

"आई," नंदा म्हणाली, "ग्रहणात देव पाण्यात ठेवतात ना?"

श्यामलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिनं देवाधर्माचं काही विचारलं होतं.

"ठेवतात," त्या सावकाश म्हणाल्या.

"ठेव गं," अण्णा म्हणाले. "मी ऐंशी सालापासून ठेवूनच बसलोय."

श्यामलाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पदर खोचला. पुरणाचं पातेलं स्वच्छ घासलं, पाणी भरलं आणि देव एकेक करून त्यात ठेवले. मग पिवळ्या आसनाला हळदकुंकू वाहून ते स्वतः उचलून बाहेर आणलं. "घ्या. पण चाक आधी धुवा."

उदयनं चाकं धुतली. गाडी गुरगुरत एकेक पायरी चढली. नंदानं ओट्यावर निरांजन ठेवलं आणि ते पेटवून तेलाकडे बघत राहिली. तेल मधोमध आलं. तिनं बटण दाबलं. अण्णा पूर्वेला डोकं करून आडवे झाले, बिनटोपीचे, स्वतःच्याच नावानं. जनरेटर त्यांच्याबरोबर रात्रभर घोरत राहिला.

पहाटे चारला अण्णा आपणहून उठले, टवटवीत, आणि काळा चष्मा लावून गवतात जाऊन उभे राहिले. समुद्रावर ढग होते. नंदा त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग ढग खालून उसवल्यासारखा फाटला आणि दोन शिंगांचा तांबडा सूर्य वर आला. शिंगं एकमेकांकडे वळू लागली.

श्यामलाबाई समुद्राकडच्या दारात खाली मान घालून बसल्या होत्या. ग्रहण बघायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. पुढ्यात पातेलं. जनरेटरच्या थरथरीनं पाणी शहारत होतं, देव हलल्यासारखे दिसत होते.

"बांगडी!" अण्णा ओरडले. "नंदा, बांगडी! पुरी जुळली!" त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं होतं.

त्याच वेळी जनरेटर खोकला आणि बंद पडला. सगळं एकदम शांत झालं. पातेल्यातलं पाणी थांबलं आणि त्यात सूर्य स्थिर झाला.

"अगंबाई," श्यामलाबाई खाली बघतच म्हणाल्या, "अंबाबाईच्या हातात पडली."

जनरेटरचं पेट्रोल संपलं असावं. नंदा बघायला गेली नाही.