छज्ज्याखालची खाच

ज्या वर्षी धाकटीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी दोन्ही साडूंच्या घरांना बाहेरून गिलावा झाला. दोघेही गवंडी, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि घरं एकाच गल्लीत, मधे चार घरं सोडून. त्यामुळे कोणाची भिंत कशी झाली हे बघायला लोकांना फार चालावं लागत नव्हतं.

थोरल्याला सगळे आरसेवाला म्हणत. त्याच्या हाताखालून गेलेली भिंत इतकी गुळगुळीत व्हायची की न्हाव्याने तिच्यासमोर गिऱ्हाईक बसवावं. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकला, पण त्याची भिंत लाकडी रंध्याने घासलेली, वाळूचा कण न् कण दिसणारी. म्हणून त्याचं नाव पडलं खरबऱ्या. आरसेवाला स्वतःच सांगायचा, "खरबऱ्याच्या भिंतीचा एक फायदा आहे. पाठीला खाज सुटली तर दुसरीकडे जायला नको." लोक हसायचे. खरबऱ्याही हसायचा. तो सिमेंटमध्ये थोडा चुना मिसळायचा आणि गिलाव्यावर दहा-दहा दिवस पाणी मारायचा. आरसेवाल्याला चार दिवसांत भिंत चकचकीत करून मोकळं व्हायची सवय होती.

सासूबाई तेव्हा आरसेवाल्याकडे राहत. आठ वर्षं राहत होत्या. आरसेवाल्याची आई तो चालायला लागायच्या आधीच गेलेली. त्यामुळे कामावरून आल्यावर सासूबाई दारात बसून विचारायच्या, "आज कोणाचं घर उजळलंत, जावई?" तेव्हा त्याला जे वाटायचं ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. पण उत्तर द्यायला तो घाईने घरी यायचा हे त्याच्या बायकोला माहीत होतं.

पहिल्या पावसात आरसेवाल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. दुसऱ्या पावसात आतून ओल आली. खिडकीच्या वर आधी ताटाएवढा डाग, मग चादरीएवढा. त्यावर क्षाराचा पांढरा लोणा फुटला, पोपडे गळून अंथरुणावर पडायला लागले. सासूबाईंची छाती मुळात नाजूक. त्या खोकायला लागल्या की शेजारची कोंबडी गप्प बसायची.

आरसेवाल्याने वरून सिमेंटचा आणखी एक हात मारला. त्यावर तेलाचा रंग दिला. वाटलं, बाहेरून बंद केलं की झालं. पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटच राहिली नाही. रंगाला फोड आले, भाजलेल्या हाताला येतात तसे.

चार घरं पलीकडे खरबऱ्याची भिंत ठणठणीत कोरडी होती.

एका सकाळी सासूबाईंनी ट्रंक बांधली. "धाकटीला दोन पोरी आवरत नाहीत. जाते तिकडे."

"पोरी दीड वर्षाच्या झाल्या," आरसेवाला म्हणाला. "आत्ता आवरेनाशा झाल्या?"

"जावई, खोटं कशाला बोलू. तिकडे मला श्वास घेता येतो."

त्याने ट्रंक स्वतः उचलून नेऊन दिली. परत येताना खरबऱ्याच्या भिंतीला हात लावून बघितला. खरबरीत, उन्हाने तापलेली, कोरडी. त्याच्या पोटात असं काही दुखलं की घरी येऊन तो जेवलाच नाही.

त्यानंतर त्याचे कान सारखे तिकडेच असत. सासूबाई धाकट्याच्या दारात बसलेल्या दिसायच्या. संध्याकाळी खरबऱ्या सायकलवरून उतरला की त्यांचा आवाज यायचा, "आज कोणाचं घर उजळलं, बाबा?" हेच वाक्य. आणि आरसेवाल्याला त्या "जावई" म्हणायच्या, याला "बाबा".

"अहो, त्याला विचारा ना काय केलंय ते," बायको म्हणाली. "विचारण्यात काय जातं?"

"मी? ज्याला थापी धरायला शिकवली त्याला?"

"मग जळत बसा. तेवढ्या धगीने तरी भिंत वाळतेय का बघू."

तिसऱ्या पावसाळ्याला महिना राहिला असताना धाकट्याच्या घरची सगळी मंडळी लग्नाला परगावी गेली, सासूबाईंसकट, तीन दिवसांसाठी. झाडांना पाणी घालायला किल्ली थोरलीकडे दिली. आरसेवाला म्हणाला, "तू राहू दे, मी घालतो." बायकोने त्याच्याकडे बघितलं, पण किल्ली दिली.

भर दुपारी तो शिडी घेऊन गेला. भिंत वरून खालपर्यंत तपासली. जोत्यापाशी माती भिंतीपासून वीतभर दूर होती, ते त्याच्याकडेही होतं. पन्हळ नीट होती, त्याचीही नीट होती. शेवटी तो सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीपाशी शिडीवर चढला आणि तोल सावरायला वरच्या छज्ज्याची कड धरली. बोटं छज्ज्याच्या पोटाला लागली. तिथे कडेपासून दोन बोटं आत एक खाच होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करंगळी बसेल एवढी.

मान वाकडी करून त्याने बघितलं आणि त्याला सगळं कळलं. छज्ज्यावरून ओघळलेलं पाणी कडेवरून खाली वळतं आणि पोटाला चिकटून भिंतीकडे सरकतं. इथे खाच आडवी येत होती. पाणी तिथेच अडून थेंब थेंब खाली पडत होतं, भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या छज्ज्याचं पोट आरशासारखं होतं. पाण्याला घसरत जायला त्याने जणू रस्ताच करून दिला होता.

आता घरी जाऊन तो आपल्या छज्ज्याला खाच पाडू शकला असता. तो घरी गेलाही. पण गेला तो घमेल्यात मूठभर सिमेंट कालवायला. चार घरं जायचं, चार घरं यायचं; विचार करायला तेवढा रस्ता पुरेसा होता. त्याने विचार केलाही. ओल तिकडेही आली तर म्हातारीला दोन्ही घरं सारखीच. आणि दोन्ही घरं सारखीच असतील, तर ती आठ वर्षं राहिलेल्या घरी येईल. इतकाच विचार. तिच्या छातीचा विचार त्यात कुठे नव्हता.

त्याने त्या एका छज्ज्याची खाच भरली. मग झाडांना पाणी घातलं, पायऱ्या झाडल्या आणि कुलूप लावून किल्ली बायकोच्या हातात दिली.

पाऊस लागला. तिसऱ्या आठवड्यात धाकटी सांगत आली, "भाऊजी, आईच्या खिडकीवर ओल आलीय. रात्रभर खोकते. हे म्हणतात तुम्हाला बोलवायचं, तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही."

आरसेवाला ज्या आनंदाची वाट बघत होता, तो त्याला रस्ताभर शोधून सापडला नाही.

खोलीत खाट भिंतीपासून ओढून मधे घेतली होती. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. एका बोलण्याचे त्यांना तीन तुकडे करावे लागत होते. "या... जावई. बघा तुमच्या... शिष्याची कला." डाग खिडकीच्या वर होता. चादरीएवढा.

खरबऱ्या त्याला बाहेर घेऊन गेला. पाऊस थांबला होता. "दादा, मी आठ दिवस वरच बघत बसलो, गच्चीला भेग असेल म्हणून. आज सकाळी छज्ज्याखाली हात घातला. खाच बुजलीय."

"खाच?" आरसेवाला म्हणाला.

"तुम्हीच शिकवलीत की. विसरलात? शाळेचं काम होतं. ओल्या गिलाव्यात दोरी दाबायची आणि घट्ट व्हायच्या आत ओढून काढायची. पहिल्या दिवशी माझी दोरी तुटली म्हणून तुम्ही मला दिवसभर 'दोरी' म्हणून हाक मारली होती."

आरसेवाल्याला शाळा आठवली. दोरीही आठवली. तेव्हा त्याला आरसेवाला कोणी म्हणत नव्हतं. पुढे नाव झालं. लोक यायचे, समोरून भिंतीवर हात फिरवायचे, वाहवा करायचे. छज्ज्याच्या पोटाखाली कोणी बघत नव्हतं. मग त्यानेही बघणं सोडलं, आणि पुढे पुढे असं काही असतं हेच विसरला. वर्षभर तो ज्या कोरड्या भिंतीवर जळत होता, ती त्याच्याच शिकवण्याने कोरडी राहिली होती.

"रंगाऱ्याने भरलीय," खरबऱ्या म्हणाला. "उन्हाळ्यात त्याने खिडक्या रंगवल्या. लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी उरली असेल, कोंबली. बोलावलंय त्याला. आज त्याची धडगत नाही."

रंगारी म्हातारा, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. आल्या आल्या खरबऱ्याने त्याला झापायला सुरुवात केली. त्याच्यामुळे म्हातारीचा जीव घुसमटतोय, त्याला पुन्हा या गल्लीत ब्रश धरू देणार नाही, वगैरे. रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "मी छज्ज्याच्या पोटाला हात लावला नाही," तो म्हणाला. "शिडी धर."

तो वर चढला, बोट फिरवलं, मग चष्मा कपाळावर सारून पुन्हा फिरवलं.

"ही लांबी नाही, सिमेंट आहे. आणि एवढं गुळगुळीत मला चाळीस वर्षांत जमलं नाही. कुठे भरलंय ते बोटालासुद्धा कळत नाही." तो सावकाश खाली उतरला. "असा हात या गल्लीत एकाचाच आहे. मी नाव घेत नाही. मला सगळ्यांकडे कामं करायची असतात."

त्या दिवशी दुपारी, चोरून, कोणी बघू नये अशा ठिकाणी, मूठभर सिमेंट भरतानाही आरसेवाल्याने वरून थापी फिरवली होती. तीन वेळा. न फिरवता त्याला राहवलंच नव्हतं.

खरबऱ्या शिडी धरून उभा होता, त्याने ती सोडली नाही. धाकटी दारात होती. खिडकीतून सासूबाई बघत होत्या.

"त्याला बोलू नकोस," आरसेवाला म्हणाला. "मी भरली."

मग खिडकीतून आवाज आला. "आपलं ठेवावं झाकून... दुसऱ्याचं बघावं वाकून, असं ऐकलं होतं." सासूबाईंनी दम घेतला. "तुम्ही दुसऱ्याचंच... झाकलंत, जावई."

"तुम्ही परत याल असं वाटलं," तो म्हणाला. यापेक्षा जास्त त्याला सांगता आलं नाही.

खरबऱ्या आत गेला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. ती त्याने आरसेवाल्याच्या पायाशी ठेवली, हातात दिली नाही. "तुम्हीच काढा," म्हणाला, आणि रंगाऱ्याला हात जोडून घरात निघून गेला. शिडी धरायला रंगारी राहिला.

आरसेवाल्याने खाच मोकळी केली. कडा सारख्या करायला तो थांबला नाही, त्या वेड्यावाकड्याच राहिल्या. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात ओबडधोबड काम ते. पण पुढच्या सरीला पाणी तिथेच अडून खाली पडलं, आणि महिन्याभरात डाग वाळला.

पाऊस सरल्यावर त्याने आपल्या घराचा तेलाचा रंग खरवडला, चकचकीत गिलावा ठोकून काढला, चुना घालून नवा केला, रंध्याने घासला, दहा दिवस पाणी मारलं आणि प्रत्येक छज्ज्याखाली दोरी दाबली. लोक म्हणाले, आरसेवाल्याचा आरसा फुटला. तो म्हणाला, फुटला.

खरबऱ्या दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या वर्षी बोलायला लागला, पण "दादा" म्हणायचं सोडून "मिस्त्री" म्हणायला लागला, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. सासूबाई थोरल्याच्या कोरड्या घरी राहायला परत आल्या नाहीत. तो रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसायचा. त्या विचारायच्या, "आज कोणाचं घर उजळलंत?" तो सांगायचा. मग खरबऱ्या आला की त्यालाही विचारायच्या, आणि "बाबा" ऐकलं की आरसेवाल्याच्या पोटात अजूनही दुखायचं. ते काही बरं झालं नाही. तो तेवढ्यापुरता उठून बाहेर जायचा, छज्ज्याखाली बोट फिरवायचा, खाच मोकळी आहे ना बघायचा आणि परत येऊन बसायचा.

जुळ्या मुली नऊ वर्षांच्या झाल्या त्या वर्षी, पावसाळा संपून पंधरा दिवस झाल्यावर, सासूबाई धाकटीच्या घरी वारल्या. आरसेवाला त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी, उन्हाळ्यात वारला.