काळ्या पदरांची धावपट्टी

संक्रांतीला चार दिवस असताना माझ्या नवऱ्याचं विमान टपालाने आलं.

पाकीट साधंच होतं, वर जयवंतचं तिरकं अक्षर. आत शुभेच्छांचं कार्ड निघालं. त्यावर सुगडं, ऊस, पतंग आणि खाली 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असं छापलेलं. सोबत बटरपेपरच्या पुडीत चिमूटभर काटेरी हलवा. जयवंत दर वर्षी हवाई दलाच्या तळावरून सगळ्या नातेवाइकांना अशी कार्डं पाठवायचा, आणि अर्ध्याअधिक पाकिटांतला हलवा पोस्टाच्या शिक्क्याखाली चुरडायचा. या वेळी चुरडला नव्हता. मी पुडी बशीत उलटी केली. अकरा दाणे बशीत पडले. बारावा पडलाच नाही, तो वर गेला. बल्बभोवती त्याने एक फेरी मारली, किंचित कलला आणि दुसरी फेरी सुरू केली. तिळाएवढं हंटर विमान होतं ते. त्याच्या शेपटीजवळचा नंबर वाचायला मला सासऱ्यांचं भिंग घ्यावं लागलं. नंबर जयवंतच्याच विमानाचा होता.

"डास शिरलाय का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही माई, जयवंत आलेत."

"मग हातपाय धुवून घे म्हणावं," माई म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ आतून पोळ्या लाटण्याचा आवाज आला नाही.

सहा डिसेंबरला सकाळी जयवंत पश्चिम आघाडीवर गेला होता, त्या दिवसातली त्याची दुसरी फेरी. सोबतच्या वैमानिकाने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो एका ढगात शिरत होता. त्या भल्या माणसाने ढगाच्या पलीकडे बऱ्याच घिरट्या घातल्या, पण ढगातून कोणी बाहेर आलं नाही. सरकारी पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. सरकारने शब्द जपून वापरला होता, आमच्या नाशिक रोडच्या आळीने तेवढाही धीर धरला नाही. हे मला कार्डांवरून कळलं. गेल्या संक्रांतीला आमच्याकडे बेचाळीस कार्डं आली होती. या वर्षी हे एकच. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वर्षभर सणाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत. रीतच आहे, त्यात कोणाचा दुष्टावा नाही. पण पोस्टमन सायकलवरून न उतरताच पुढे जायचा तेव्हा मला त्या सगळ्या चांगल्या माणसांचा इतका राग यायचा की हातातलं भांडं आदळावंसं वाटायचं.

संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बातम्यांसाठी रेडिओ लावला. बातम्यांच्या आधी जी खरखर असते, तिच्यातून जयवंत बोलू लागला.

"कुमुद, ऐकू येतंय का?"

"येतंय. कुठे होतास इतके दिवस?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंच असलो की अरे-तुरे चालायचं, घरात अहो. मी सुधारून घेतलं, "कुठे होतात?"

"ढगात. युद्धाचं काय झालं?"

"संपलं. जिंकलो आपण. तेरा दिवसांत."

तेरा म्हटल्यावर माई उठून आत गेल्या.

"छान," जयवंत म्हणाला. "मला उतरायला जागा हवी. सपाट, काळी, मधे कुठे तुटलेली नको. इंधन सत्तर मिनिटांचं आहे. नुसतं फिरून ते संपत नाही. घरात कोणी समाचाराला आलं की दर माणशी पाच मिनिटं जातात."

"म्हणजे दार लावून घ्यायचं," अण्णा म्हणाले.

"हो अण्णा. तब्येत कशी आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

अण्णा निवृत्त भूगोल शिक्षक. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लॅकआउटच्या वेळी खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद सोलून जमिनीवर अंथरला. जयवंत खाली आला, कागदाच्या वीतभर वर फिरला आणि पुन्हा बल्बपाशी गेला. कागदावर चाकं घसरतात म्हणाला. मग मी ट्रंकेतून माझी चंद्रकळा काढली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घेतलेली. त्या दिवशी माझ्या हलव्याच्या दागिन्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि हा शूर वैमानिक माझ्या मानेवरची एकेक मुंगी टिपत बसला होता. साडी मी ओटीपासून माजघरापर्यंत ताणून अंथरली. जयवंत उतरला. चाकं टेकली, साडीवर बारीक रेघ उठली, आणि साडीचं टोक आलं. त्याला परत वर जावं लागलं.

अण्णांनी ती रेघ टेपने मोजली, वहीत त्रैराशिक मांडलं आणि सांगितलं, "वीस-एकवीस काळ्या साड्या हव्यात. सलग."

आमच्या आळीत संक्रांतीची काळी साडी नाही असं घर नाही. मी सात घरी गेले. सगळ्यांनी बसवलं, पाणी दिलं. साडी कोणी दिली नाही. शेवटी दातारकाकूंकडे गेले. आळीतल्या त्या सगळ्यांत मोठ्या. बारसं असो की बाराव्याचा स्वयंपाक, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. त्यांचा श्रीधर सैन्यात. एक जानेवारीला तो सुट्टीवर घरी आला तेव्हा अख्ख्या आळीने त्याला ओवाळलं होतं, मीसुद्धा.

"काकू, तुम्हाला आमच्या खिडकीतून विमान दिसलं असेल."

"दिसलं की. रोज बघते," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय गं बाई. उतरल्याशिवाय आला असं कसं म्हणायचं? आणि सणाची साडी आहे ती. माझा आत्ता कुठे परत आलाय. दहा फेब्रुवारीला पुन्हा जायचाय. तुझ्या घरातून येऊन ती साडी माझ्या अंगावर बसली तर..." त्यांनी पुढचं बोलायच्या ऐवजी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना माझी दया येत होती आणि माझी भीतीही वाटत होती. मला दोन्ही नको होतं.

घरी आले तर अण्णांचे जुने हेडमास्तर येऊन गेले होते. त्यांना दारातून कसं घालवणार? पासष्ट मिनिटं उरली होती.

युक्ती माईंनी काढली. संक्रांतीच्या दुपारी गुळाची पोळी तव्यावर टाकता टाकता त्या म्हणाल्या, "साड्या देत नाहीत ना, तर नेसून येऊ देत. हळदीकुंकू करायचं. बायकांना एका ओळीत बसवायचं, पदर मांडीवर पसरायला लावायचे. पदराला पदर लागला की झाली तुझी धावपट्टी."

मी त्यांना मिठीच मारली. "उद्याच करू या."

"उद्या कर आहे. करीला शुभ काम करत नाहीत."

"माई, एक दिवस वाया जाईल."

"चाळीस दिवस वर राहिलाय तो, आणखी एक दिवस राहील. मला त्याचं काही वेडंवाकडं व्हायला नकोय."

मी वाद घातला नाही. मीही तसल्याच घरात वाढले होते, करीला माझी आई साधी सुई विकत आणत नसे. घातला असता तर बरं झालं असतं, हे दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कळलं. करीच्या दिवशी शुभ काम करत नाहीत, त्यामुळे अशुभ कामाला सगळे मोकळे असतात. सणाच्या दिवसांत दुःखाच्या घरी कसं जायचं म्हणून जे जे थांबले होते, ते सगळे त्याच दिवशी आले. माझे मामा-मामी कल्याणहून आले. जयवंतच्या वर्गातले तिघं आले. बँकेतले, शाळेतले, देवळातले आले. दार लावलेलं होतं, तर मागच्या दाराने आले. मी प्रत्येकाला सांगत होते की अहो, ते वर आहेत, बघा. ते वर बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हो, कळतंय आम्हाला. धीर धर." अकरा माणसं झाली. दर माणसागणिक विमान बोटभर खाली यायचं.

संध्याकाळी रेडिओवर जयवंत म्हणाला, "दहा मिनिटं."

माई त्या रात्री जेवल्या नाहीत. "माझ्या हाताने मी माझ्या पोराची पंचावन्न मिनिटं घालवली," एवढं एकच वाक्य त्या फिरून फिरून बोलत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, मी त्यांच्या पायाला तेल चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बायका आल्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. माईंनी स्वतः घरोघर जाऊन पदर पसरून बोलावलं होतं, आणि माईंना नाही म्हणणं आळीतल्या कोणालाच जमण्यासारखं नव्हतं. आमच्या ओटीवर आठ बायका दाटीवाटीने बसतात. त्या दिवशी एकवीस बसल्या, कारण बाई बसली की पलीकडची भिंत एक पाऊल मागे सरायची. ओळ ओटीवरून माजघरात गेली, माजघरातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचली. मला या टोकाकडून त्या टोकाची बाई ओळखू येईना. दातारकाकू सगळ्यांत शेवटी आल्या आणि शेवटी बसल्या. त्यांच्या पलीकडे, ओळीचं टोक म्हणून, मी माझी चंद्रकळा नेसून बसायचं असं ठरलं होतं. अण्णा परसात रेडिओ घेऊन थांबले होते. बायकांच्या समारंभात पुरुषाने काय करायचं, म्हणाले.

मी पहिल्या बाईपासून सुरुवात केली. हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ दिला, वाण म्हणून एक कंगवा दिला. आता तिने उलट मला कुंकू लावायचं. सगळं इथेच अडणार होतं. जिचा नवरा आहे तिलाच कुंकू लावतात. ती पहिली बाई, पोस्टमास्तरांची बायको, क्षणभर वर बघत राहिली. जयवंत तिच्या डोक्यावरून हातभर उंचीवरून गेला. तिने करंड्यात बोट बुडवून माझ्या कपाळाला टेकवलं आणि मांडीवर पदर पसरला. मला एकदम रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता.

दुसरी, तिसरी, सातवी. प्रत्येकीने बोट टेकवलं, प्रत्येकीचा पदर शेजारणीच्या पदराला जाऊन भिडला. तेराव्या बाईने कुंकू लावलं आणि तिला हुंदका फुटला. "देवाने असं करायला नको होतं गं," ती म्हणाली. मी तिचं तोंड दाबायला गेले, पण उशीर झाला होता.

"पाच मिनिटं," परसातून अण्णांनी ओरडून सांगितलं. "उतरतोय म्हणतो. विसावी पट्टी झाली का विचारतोय."

"होतेय म्हणावं!"

मी भरभर पुढे सरकत गेले. विसाव्या बाईचा पदर पसरला. मागे वळून पाहिलं तर ओटीपासून इथपर्यंत काळ्याभोर कापडाचा एकच पट्टा झाला होता, त्यावर कुठे कुठे खडीचे ठिपके. दाराच्या चौकटीतून विमान आत वळलं होतं, नाक खाली करून. आता फक्त दातारकाकू आणि त्यांच्यापलीकडे मी. मी जागेवर बसले, माझा पदर त्यांच्या गुडघ्यापर्यंत पसरला.

काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उजव्या काखेत घट्ट दाबून धरला होता. त्यांच्या मांडीवर काहीच नव्हतं. मी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी लावून घेतलं. मला कुंकू लावायला त्यांनी हात उचलला असता तर पदर आपोआप खाली आला असता.

"काकू, तिळगूळ घ्या."

त्यांनी घेतला. मुठीत ठेवला.

"कुमुद," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या अगदी मनापासून बोलल्या, आळीत कोणाचं काही झालं की बोलतात तशा, सवयीने, मायेने. "पोर फार गुणी होता गं."

वरचा इंजिनाचा आवाज थांबला.

परसात रेडिओची खरखर बंद झाली आणि अण्णा दाराशी येऊन उभे राहिले. विमानाची चाकं पोस्टमास्तरांच्या बायकोच्या पदरावर टेकली आणि ते आवाज न करता आमच्या दिशेने येऊ लागलं, तिसऱ्या पदरावरून चौथ्यावर, माजघराच्या उंबऱ्यावरून, दहाव्यावर.

काय बोलल्या ते काकूंना कळलं. त्यांनी तोंडावर हात नेला, मग तो खाली आणला आणि करंड्यात बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा टोकाला कुंकू होतं.

"श्रीधरला दहा फेब्रुवारीला जायचंय," त्या मला म्हणाल्या.

"हो काकू," मी म्हणाले, आणि कपाळ पुढे केलं.

विमान विसाव्या पदरावर आलं. काकूंचा हात आम्हा दोघींच्या मधे होता, आणि काखेतून पदराचा काठ चार बोटं सुटला होता.