सिंधूने बेल ठेवला

भाकरी थापतानाही सिंधूला तो आवाज यायचा. "सिंधू, पट्टा थांबव वं!" आवाज शकुनचा. आणि शकुन तर पोळ्याच्या आधीच गेलेली.

वलगावजवळच्या सूतगिरणीत दोघी शेजारी उभ्या राहायच्या. मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून ठेवलेली. जाळी असली की सफाईला मशीन थांबवावं लागतं आणि मशीन थांबलं की सायबांचं तोंड वाकडं! सिंधूला दिसत होतं, पण बोलणार कशी? गिरणी आली तेव्हा सगळ्या गावाने महादेवाच्या देवळात पिंडीवरचा बेल उचलून शपथ घेतली होती: युनियन करणार नाही, एकत्र येऊन काही मागणार नाही. त्या अटीवरच शेठने पैसा घातला म्हणे. शकुनची ओढणी पट्ट्यात अडकून ती जिवानिशी गेली, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. जाळी आजही भिंतीलाच टेकलेली आहे.

आता गिरणीची दुसरी शेड यायची होती, म्हणून पुन्हा बेल. शकुनच्या जागी सिंधूची पोरगी प्रणाली कामाला लागणार होती.

"उचलून टाक न वं," नवरा गजेंद्र म्हणाला. "अकोल्यात मामाच्या मिलमंदी युनियन झाली, संप झाला, मिल बसली."

"मामा जिते तरी हायेत न?"

गजेंद्र पायात चपला घालून देवळाकडे निघाला.

देवळात मॅनेजर बापूसाहेब गोड बोलले, "बाई, युनियनचं नाव निघालं की शेठ शेड दुसरीकडे टाकतील."

त्यांनी पिंडीवरचा बेल सिंधूच्या हातात दिला. मागे प्रणाली उभी, खांद्यावर नवी ओढणी. सिंधूने बेल परत पिंडीवर ठेवला.

"मी नाई उचलत. आधी जाळी बसवा. शेठच्या पैशाले विमा हाय. माह्या पोरीले कोन हाय? आमीच न!"

"गावाच्या पोटावर पाय देऊन राहिली!" कोणीतरी ओरडलं. घरी येताना तिच्याशी कोणी बोललं नाही. गजेंद्रही नाही.

दिवेलागणीला शकुनची आई, पार्बताबाई, दारात आली.

"म्याबी बेल उचलला होता, सिंधू. पोरगी गेली तवाबी तोंड उघडलं नाई." ती उंबऱ्यातच बसली. "गिरणी गेली तं?"

"मले नाई मालूम, मावशी."

"उद्या जाळी मागाले मीबी येते."

सकाळी गिरणीच्या दारात बायांनी माना खाली घातल्या. आतून तो आवाज आलाच. "सिंधू, पट्टा थांबव वं!"

इतक्या दिवसांत सिंधूने पहिल्यांदा उत्तर दिलं, "आली वं माय." आणि पार्बताबाईचा हात धरून ती आत गेली.