बुवांच्या कोटाच्या खिशातून

मित्रांनो, माझ्या अंगावरचा कागद आता निम्मा सोलला आहे. त्यावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला वाचता यायचं नाही, म्हणून मीच सांगते. मी गायकांच्या दमलेल्या घशावर मारायच्या औषधाची बाटली आहे. उंचीने तुमच्या मधल्या बोटाएवढी, तपकिरी काचेची. डोक्यावर पांढरी नळी. ती दाबली की फुस्स करून बारीक तुषार उडतात. एवढंच काय ते मला येत होतं.

मला भरलं ते एका औषधवाल्या बाईंनी. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्यालगतच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लाकडी काउंटर, मागच्या खोलीत शेगडी. बाई ज्येष्ठमधाच्या काड्या कुटायच्या, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायच्या, त्यात आल्याचा रस आणि पुदिन्याचा अर्क घालायच्या आणि निवल्यावर मध. मग ते सगळं फडक्यातून दोनदा गाळायच्या. माझी नळी इतकी बारीक की कणभर चोथा अडकला तरी तुंबते. त्या दिवशी आम्ही चाळीस जणी एका फळीवर खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. एवढ्या बहिणी पुन्हा माझ्या वाट्याला आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी बुवा आले. पन्नाशी उलटलेला माणूस, काळा कोट, कोपरावर चकाकी आलेला. ते एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या दालनात रोज संध्याकाळी गात. गाणी सगळ्या तऱ्हेची, कुणी चिठ्ठी पाठवेल ती. पण हॉटेलातल्या कुणीतरी कधीतरी थट्टेने ‘बुवा’ म्हटलं आणि तेच नाव अंगाला चिकटलं.

बाईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं आणि बजावलं, “दिवसातून तीनदा. त्याहून जास्त लागायला लागली तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा.”

बुवांनी मान डोलावली. मोठी माणसं अशी मान डोलावतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून कोटाचा डावा खिसा हेच माझं घर झालं. सोबतीला एक रुमाल आणि गाण्यांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. पहिलं वर्ष मोठं छान गेलं. गाण्याआधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा आणि घरी गेल्यावर एकदा बुवा मला बाहेर काढत. कोरड पडलेला घसा ओला झाला की ते डोळे मिटून “आहा” म्हणत. पियानो वाजवणारे काका एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, “बुवा, मला वाटायचं साथ मी करतो. खरी साथ तर ही बाटली करते!” मी खिशातल्या खिशात फुलून गेले. मी रिकामी झाले की बुवा मला दुकानात नेत आणि पुन्हा भरून आणत. दुसरी बाटली घ्या म्हटलं तर म्हणत, “नको, हिच्यावर हात बसलाय माझा.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढं कौतुक होतं तर हिला कसलं दुःख? सांगते.

त्या दालनात चाळीसेक टेबलं होती. बुवा गात तेव्हा काटे-चमचे वाजत, खुर्च्या सरकत, माणसं एकमेकांशी बोलत आणि हसत. गाणं संपल्यावर दोनचार टाळ्या पडत, त्याही मागे वळून न बघता. बुवा कमरेत वाकून आभार मानत. मला खिशातून त्यांचं काळीज ऐकू यायचं. टाळ्यांनंतर ते जरा हळू चालायचं.

घरीही तसंच. एक खोली, एक खाट, खिडकीशी टेबल, टेबलावर तारेचा जुना फोन. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक दूरच्या शहरात पुलांचे नकाशे काढायची नोकरी करत होती. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येई. आठवड्यातून तेवढीच वीस मिनिटं त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज असे.

दुसऱ्या वर्षी लेक एकदा म्हणाली, “बाबा, आवाज दमल्यासारखा वाटतोय तुझा. पुरे झालं आता ते हॉटेल. इकडे ये राहायला.”

“काहीतरीच! ठणठणीत आहे आवाज,” बुवा म्हणाले.

पुढच्या रविवारी दहाला पाच मिनिटं असतानाच त्यांनी मला हातात घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. फोन वाजला तेव्हा त्यांचा आवाज गुळगुळीत झालेला होता. लेकीला काही कळलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. घसा निववण्यासाठी मला बनवलं होतं. बुवा मला लपवाछपवीसाठी वापरू लागले होते.

आधी मी दोन महिने पुरत असे. मग महिना पुरू लागले, मग जेमतेम दोन आठवडे. औषधवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “दिवसातून किती वेळा मारता?”

“तीनदाच की,” बुवा म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा दाबलं होतं. मला तोंड होतं, पण त्यातून शब्द निघत नव्हता.

आणि मग तो दिवस उजाडला. दालन भरलं होतं. बुवांनी एक संथ गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या सुरुवातीला त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. चिरका नाही, बसका नाही, काहीच नाही. काकांनी चटकन पियानोवर चाल उचलून धरली. बुवा खांबाआड गेले आणि मला घशात रोखून दाबू लागले. चार, पाच, सहा. माझ्यात होता तेवढा जोर मी लावला. घशातून फक्त हवा आली.

पण मित्रांनो, खरा घाव तो नव्हता. काकांनी चाल पूर्ण केली तेव्हा नेहमीसारख्या दोनचार टाळ्या पडल्या. गाणारा अर्ध्यावर थांबला, हे चाळीस टेबलांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बुवांनी ते पाहिलं. त्यांनी मला मुठीत इतकं घट्ट आवळलं की मी तडकते की काय असं वाटलं.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. भांडी घासणाऱ्या ताई ओल्या हातांनी बाहेर डोकावल्या. कोपरापर्यंत फेस होता.

“बुवा, गाणं का हो थांबलं?”

बुवा दाराशी गेले. मग घोगऱ्या श्वासात कसंबसं म्हणाले, “आत ऐकू जातं?”

“म्हणजे काय! चौदा वर्षं ऐकतेय. तिसऱ्या कडव्याला तुम्ही श्वास घेता ना, तेव्हा मी नवं ताट उचलते. आज ताट हातात तसंच राहिलं.” मग त्यांनी बुवांचा चेहरा पाहिला आणि फेसाचे हात तसेच पदराला पुसले. “चला. उद्या सकाळी घशाच्या डॉक्टरांकडे. माझ्या जावेला नेलं होतं तिथे. मी येते बरोबर.”

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून घसा तपासला. आत सूज होती आणि ताण देऊन देऊन एक गाठ उठली होती. “सहा आठवडे एक अक्षर बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “गाणं तर नाहीच. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. एवढं पाळलंत तर आवाज परत येईल. नाही पाळलंत तर मला सांगता येत नाही.”

बुवांनी खिशातून मला काढून पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी मला उलटंसुलटं पाहिलं, नळीचा वास घेतला.

“हे वाईट नाही. कोरड जाते, बरं वाटतं. पण बरं वाटलं म्हणून तुम्ही गात राहिलात. बरं झालं होतं कुठे?”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. तरी मला वाटलं, ते वाक्य बुवांइतकंच मलाही होतं.

घरी आल्यावर बुवांनी कोट खुंटीला लावला आणि मला फोनशेजारी ठेवून दिलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी अर्धी भरलेली होते, पण मला कुणी हात लावत नव्हतं. सकाळी नळाचं पाणी, दुपारी खाटेची करकर, संध्याकाळी खिडकीबाहेरची गाड्यांची घरघर. खोलीत एवढेच आवाज. मी बुवांकडे बघत बसायची, बुवा खिडकीकडे. एकाच खोलीत दोघं असूनही दोघं एकटी असू शकतात, हे मी तेव्हा शिकले.

रविवार आला. दहाला फोन वाजला. बुवा ताडकन उठले, हात रिसीव्हरपर्यंत नेला आणि मागे घेतला. उचलून करणार काय? आणि कळलं तर लेक म्हणणार, बघ, मी सांगितलं होतं. तिनं येऊन सामान बांधलं की कोट, काका, दालन, सगळं सुटणार. फोन सतरा वेळा वाजून गप्प झाला. पाच मिनिटांनी पुन्हा सतरा वेळा. दोघी ओरडणाऱ्या आणि मधे एक न बोलणारा माणूस, असं वाटलं मला. एक ओरडणारी फोनची घंटी आणि दुसरी मी, जिचं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

दिवसभरात तो चार वेळा वाजला. बुवांनी शेवटी त्यावर उशी ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. ताई होत्या, हातात गरम सुपाचं भांडं. त्या आठवड्यात त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या. भांडं टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच उशीखालून फोन घुमला. बुवांनी घाईघाईने दोन्ही हात हलवले, उचलू नका म्हणून. ताईंना त्याचा अर्थ ‘लवकर उचला’ असा लागला.

“हॅलो! कोण? लेक होय? मी हॉटेलातली ताई! बुवा बोलू शकत नाहीत! घसा धरलाय, डॉक्टरनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय! अहो रडू नका, धडधाकट आहेत, समोर बसलेत!” ताई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की लेकीला फोनची गरजच नव्हती.

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. ताईंनी रिसीव्हर बुवांच्या कानाशी धरला. “घ्या, ती म्हणतेय, नुसतं ऐकू दे त्याला.” मग इकडेतिकडे पाहून ताईंनी सुपातला चमचा काढून पुसला आणि तो बुवांच्या एका हातात दिला. दुसऱ्या हातात त्यांनी मला दिलं. फोनमध्ये ओरडून म्हणाल्या, “हे बाटली वाजवतील! एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही!”

बुवांनी मला फोनच्या तोंडाशी धरलं. इतकी जवळ होते मी की लेकीचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

“बाबा, माझ्यावर रागावलायस?”

चमचा माझ्या अंगावर पडला. टिंग. टिंग.

“खूप दुखतंय का?”

टिंग. टिंग.

“खरं सांग.”

बुवा थांबले. टिंग.

पलीकडे तिने नाक ओढलं. मग ती म्हणाली, “इतके महिने सगळं ठीक आहे म्हणत होतास, ते खोटं होतं?”

टिंग. हा ठोका इतका हलका होता की मला वाटलं तिच्यापर्यंत पोचलाच नाही. पण पोचला.

“मी तुला न्यायला येऊ?”

टिंग. टिंग. लगेच.

ती रडता रडता हसली. “बरं बाई. मग नुसती भेटायला येऊ?”

बुवांच्या हातातला चमचा वरच्या वर राहिला. खिडकीबाहेरून एक गाडी गेली, दुसरी गेली. ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि मग चमचा खाली आला. टिंग.

मित्रांनो, माझ्यातून हजारो वेळा औषध उडालं असेल. पण बुवांच्या खरोखर उपयोगी मी पडले ती त्या सकाळी, नळी न दाबता.

लेक आली, दहा दिवस राहिली. सामान बांधायचं नाव तिने काढलं नाही. एकदा ती ताईंबरोबर हॉटेलच्या मागच्या खोलीत जाऊन, बाबाचं गाणं ऐकायला आपण कुठे उभं राहायचं, ती जागा बघून आली. जाण्याआधी तिने टेबल आवरलं. माझ्यावरची तारीख कधीच उलटून गेली होती. तिने माझ्यातलं उरलेलं औषध मोरीत ओतलं, मला गरम पाण्याने धुतलं आणि खिडकीत उपडं ठेवलं.

सहा आठवडे पुरे झाले. आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. वरचे सूर गेले ते गेलेच. बुवा आता खालच्या पट्टीत गातात आणि आठवड्यातून चारच दिवस. उंच गाण्याची चिठ्ठी आली की नम्रपणे परत पाठवतात.

मला मात्र पुन्हा कुणी भरलं नाही. ऊन आलं की मी तापते, गेलं की निवते. माझ्यातला ज्येष्ठमधाचा वासही आता गेला. सकाळी बुवा खोलीत रियाज करतात. मधेच एखादा सूर ओढून आणावा लागतोय असं वाटलं की तिथल्या तिथे थांबतात, कोमट पाणी पितात, गाण्याची वही मिटतात आणि उरलेला दिवस घशाला विसावा देतात. पूर्वी अशा वेळी त्यांचा हात माझ्याकडे यायचा. आता येत नाही. मला वाईट वाटतं. तो यावा असं मात्र मला वाटत नाही.

मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरात कुणी गात असेल, शाळेत शिकवत असेल, दिवसभर बोलून पोट भरत असेल, तर त्यांना अधूनमधून गप्प बसू द्या. आणि ती माणसं “मी ठीक आहे” असं म्हणाली, तर लगेच दुसऱ्या गोष्टीकडे वळू नका. जरा थांबा. पुन्हा एकदा विचारा.