पाठीवरचं मोजत नाहीत

वॉशिंग मशीनने काम संपल्याची पिपाणी वाजवली आणि कशीबशी मिळालेली दुपारची शांतता मोडली. हजराने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. लेक, इनाया, उठली नव्हती. लॅपटॉपवर लेमूरांच्या मोजणीचा तक्ता उघडा होता.

तेवढ्यात फोन थरथरला. ती घरून जिचं काम करायची त्या वन्यजीव संस्थेच्या बिन महमूदमधल्या ऑफिसातला कौशिक.

"हजराताई, आकडा बघितलात? गेल्या वर्षी एक्केचाळीस लेमूर, यंदा बत्तीस. वरचे म्हणतायत, गावाला राखण जमत नाही, जंगल एजन्सीकडे द्या."

"गावानं राखलं म्हणून तर जंगल उरलंय. लेमूर कमी नाही झाले रे. पिल्लं मोजलेली नाहीत."

"का पण?"

का, ते याला कुठून सांगायचं? लग्नाआधी दीड वर्ष ती मादागास्करच्या त्या गावात राहून लेमूरांमागे काट्याकुट्यांतून हिंडली होती. तिथली रीत तिला पाठ होती. पिल्लू आईच्या अंगावर आहे तोवर दोघं मिळून एकच. ते आपल्या पायांनी खाली उतरलं की मगच त्याची मोजणी. गेल्या वर्षी बाहेरचे विद्यार्थी मोजायला आले होते, त्यांनी पाठीवरची पिल्लंही धरली होती. यंदा पहिल्यांदाच राखणदारीण रासोआ आणि तिच्या गावाने मोजलं. आणि तक्ता? तो इथे आखातात, अल खोरच्या या फ्लॅटमध्ये, इनायाला भरवता भरवता, हजरानेच आखून पाठवला होता. पिल्लांचा रकाना न ठेवता. लेकुरवाळ्या बाईनेच विसरावं ते.

"फोटो आलेत. एकेक आई बघून दुरुस्त करते."

"पाचच्या आत, ताई. इन्शाल्ला नको, नक्की सांगा."

"नक्की. ठेव आता, खलास."

ठेवला नाही तोच नवऱ्याचा, रिफतचा.

"तुजी माकडां मोजून झाली काय?"

"माकडं नव्हेत, लेमूर. सहा वर्षं सांगतेय. तुम्ही फोन ठेवलात तर होतील मोजून."

"बरा, बरा. दूध आणू?"

"आणा."

ती एकेक फोटो मोठा करत गेली. पट्टेरी शेपट्या, आणि पाठीच्या केसांत रुतलेली मुठीएवढी पिल्लं. सात. आठ. बत्तीस नि आठ, म्हणजे चाळीस झाले. आता एकच आई उरली, तुटक्या कानाची. हजरा तिथे असताना ही स्वतःच आईच्या पाठीवर होती. सप्टेंबरच्या फोटोत हिच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं. नोव्हेंबरच्या फोटोत पाठ मोकळी.

रासोआच्या तक्त्यात दोन्ही महिन्यांत तिच्यापुढे एकच आकडा: एक. पिल्लू आपल्या पायांनी उतरलं असतं तर दोन झाले असते.

नऊ पिल्लं लिहिली असती तर बरोबर गेल्या वर्षीइतके भरले असते, आणि विचारणारं कुणी नव्हतं. हजराने नवा रकाना आखला. तुटक्या कानाच्या ओळीत शून्य टाकलं आणि कौशिकला तक्ता पाठवून दिला.

झोपेने गरम झालेले दोन हात मागून तिच्या गळ्यात पडले. इनाया पाठीवर चढली आणि तिने मोकळ्या पाठीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मम्मा, हिचं बेबी कुठंय?"

"नाही राहिलं, बाळा."

इनायाने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली.

"मग ती अजून मम्मा आहे?"