टाकीवरच्या तीन फुंकरा

अनुराधाबाईंच्या फाटकासमोर कारखान्याची पिकअप गाडी बंद पडली की पाच मिनिटांत अख्खं सेक्टर गोळा व्हायचं. आजही झालं. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत एकोणऐंशी साली संध्याकाळची दुसरी करमणूक नव्हती, हे खरं. पण दिवसभर केसाएवढा फरक मोजणारे फिटर इथे हात जोडून उभे राहत, याची अनुराधाबाईंना चीड येई.

हबीबगंजहून कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून फूँकवाले बाबा आले. त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. वैद्याने नाडी बघावी तसा सगळा थाट.

"गाड़ी रो रही है," बाबा म्हणाले. "किसी अभागन की नज़र इसके पेट में बैठी है." आणि बोट सरळ अनुराधाबाईंच्या फाटकाकडे.

मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत तीन फुंकरा मारल्या आणि ते परत लावलं. सदाशिव ड्रायव्हरने चावी फिरवली, इंजिन जरा घुरघुरलं आणि सुरू झालं. लोकांनी बाबांचे पाय धरले. हा प्रकार महिनाभर चालला होता.

अनुराधाबाईंचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांच्या जागी बाईंना कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी मिळाली, म्हणून हे क्वार्टर राहिलं. त्याच क्वार्टरवर आता गदा आली होती. सेक्टर समितीचे सेक्रेटरी मोहनबाबू, मूळचे नागपूरचे, कागद घेऊन फाटकाशी आले.

"वहिनी, राग नका मानू. पण तुमी क्वार्टर बदलून घ्या. लोकं भिऊन राहिले ना. बासष्ट सह्या आहेत."

पहिलीच सही सदाशिवची होती. दिवाळीला याच घरचा फराळ त्याने डबा भरून नेला होता. बाईंचा जीव जळाला. इथून निघाल्या तर ती नजर पुढच्या क्वार्टरपर्यंत त्यांच्या मागे जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबा."

गाडी कधी, कुठे बंद पडली हे त्या पहिल्यापासून कॅलेंडरवर लिहून ठेवत होत्या. एकूण अकरा वेळा. त्यांच्या फाटकाशी फक्त चार वेळा. बाकीच्या सात वेळा क्लबपाशी, शाळेपाशी, दवाखान्यापाशी. पण लोकांच्या त्या लक्षात नव्हत्या. पहिली नोंद अठरा सप्टेंबरची, म्हणजे कारखान्यात यंत्रं-गाड्या पुजतात त्या विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवसाची. शिवाय खिडकीतून त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली होती. झाकण सैल होताच आधी 'फुस्स' आवाज येई आणि बाबांची फुंकर त्यानंतर.

शनिवारी दुपारी गाडी पुन्हा त्यांच्याच दारात बंद पडली. बाबा आले. बाई बाहेर आल्या.

"बाबाजी, आज ढक्कन मत खोलिए. ऊपर से फूँकिए."

"बहनजी, मंतर पेट में जाना चाहिए."

"नजर फाटकातून, पत्र्यातून आत जाते आणि मंत्राला दार उघडून द्यावं लागतं होय?" बाईंनी लोकांना विचारलं. मागे कुणीतरी हसलं. नाइलाजाने बाबांनी वरूनच फुंकर मारली. तीनदा, मग सातदा. सदाशिवने चावी फिरवून फिरवून बॅटरी थकवली, गाडी ढिम्म.

मग बाईंनी स्वतः झाकण उघडलं. फुस्स. मंत्र नाही, फुंकर नाही. इंजिन सुरू झालं.

त्यांनी झाकण उलटं करून दाखवलं. "सदाशिवभाऊ, पूजेला गाडी रंगवलीत तेव्हा झाकणही रंगवलंत ना?"

"सजावटीत पहिला नंबर यावा म्हणून दोन हात मारले, वहिनी."

"याला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. हवा मिळाली नाही की तेल अडतं, तसंच पेट्रोल अडलं. झाकण उघडलं की हवा आत जाते. बाबांची करामत तेवढीच."

बाईंनी सेफ्टी पिनने रंग टोकरला. गाडी तासभर फिरली, कुठेही अडली नाही. मग भोकावर चिमूटभर कणीक दाबून त्या म्हणाल्या, "आता मोहनबाबूंच्या गल्लीतच फेऱ्या मारा."

पाऊण तासाने गाडी आचके देत मोहनबाबूंच्या फाटकाशी थांबली. फाटकात त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, उभ्या होत्या.

"आता कुणाची नजर म्हणायची?" बाईंनी विचारलं.

बाबांना स्कूटरवाला सापडेना, ते पायीच हबीबगंजकडे निघाले.

"जाऊ द्या वहिनी, झालं ते झालं," मोहनबाबू पुटपुटले. "अर्ज फाडून टाकतो."

"फाडायचा नाही. ज्याने सही केली त्याने माझ्यासमोर येऊन आपल्या हाताने ती खोडायची. गाडी बंद पडली तर गाडी तपासायची असते. तुमचं तर पोट त्यावर चालतं. मशीन बिघडलं की तुम्ही मशीनच उघडता, शेजारची बाई नाही. मग घरी येताना ती अक्कल गेटवर का ठेवून येता?"

सदाशिवने खिशातून पेन काढलं. त्याने पहिली सही खोडली आणि पेन मागच्याकडे दिलं.

बाई फाटकातच खुर्ची टाकून बसल्या. अजून एकसष्ट बाकी होत्या.