बाविसावं गाणं

राडकाने तार उपटली आणि डिस्क पर्समध्ये टाकली.

"चला, बसला अर्धा तास उरलाय."

पडद्यावर सूचना उमटली : डिस्क अचानक काढली गेली आहे. पट्टी एकतीसपैकी तेविसाव्या गाण्यावर अडकली होती.

नेव्हेनाने चष्मा चढवला. "राडके, कॉपीच करत होतीस ना?"

"नाही, हलवत होते. म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरवर जागा होईल."

दारात एमिलिया बॅग घेऊन उभी होती. त्या दोघींच्या वारलेल्या मैत्रिणीची, गेनाची मुलगी, ती डिस्क घेऊन माद्रिदला परत निघालेली. गेनाच्या कॅसेटींना बुरशी लागली, त्याआधी उतरवून घेतलेली ही एकतीस गाणी. आईचा आवाज तेवढाच उरला होता.

"गेलं का सगळं, मावशी?"

"कुणी कशाला हात लावू नका." नेव्हेनाचे गाल लाल झाले होते. स्टारा झागोरा शहरातल्या डिस्कच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तिचं कामच हे होतं : चालत्या मशीनच्या तारा मुद्दाम उपटायच्या आणि काय वाचतं ते बघायचं.

"म्हणजे मी तुझंच काम केलं," राडका पुटपुटली.

"मला त्याचा पगार मिळायचा, बाई. आण इकडे."

तिने डिस्क पुन्हा जोडली आणि तपासणी सुरू केली.

"तेविसावं इथेच आहे. तिकडे पोचल्याशिवाय मशीन इथलं पुसत नाही. भीती बाविसाव्याची. मशीन 'ठेवलं' म्हणतं, पण कधी कधी ते डिस्कवर उतरलेलं नसतं, अजून हातातच असतं. मात्र काही करायच्या आधी काय करणार ते डिस्कवर टिपून ठेवतं. ते टिपण वाचतंय आता."

तिघी पडद्यासमोर वाकल्या. राडकाने एमिलियाची बाही घट्ट धरली होती. पट्टी सरकली, अडली, पुन्हा सरकली. एकवीस. बावीस.

नेव्हेनाने बाविसावं लावलं.

आधी नुसती खरखर. मग चेरीच्या बागेत गाणारी गेना, तिशीतली, भरदार आवाजाची. एमिलियाने तोंडावर हात ठेवला. शेवटचा सूर लांबत गेला आणि मागून गेनाचंच बोलणं ऐकू आलं : "राडके, थांब गं, अजून बंद नको करू—"

खट्.

राडका खुर्चीवर टेकली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

उरलेली गाणी हलली. डिस्क आता काढायला हरकत नाही, असं पडद्यावर आलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"काढ आता," नेव्हेना म्हणाली.

"तूच काढ."

एमिलियाने बॅग खाली ठेवली आणि तेच गाणं पुन्हा लावलं.